मनी कुणाचीच नाही

आमच्याकडे मांजर पाळत नाहीत. मांजर येतं.

पुण्यात रूममेटला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे स्ट्रे आहे का?" मी हो म्हणून गेले, आणि त्या होकाराची चुटपुट मला अजून आहे. बाळापूरला आमच्या घरी जी मांजरी यायची ती भटकी नव्हती. तिचं सगळं ठरलेलं होतं. पहाटे कोठ्याच्या टिनावरून उतरायची, न्हाणीच्या मोरीशी पाणी प्यायची, ओसरीच्या खांबाला टेकून बसायची आणि आजी दूध तापवायला आली की उठायची. बशीभर दूध, त्यात भाकरीचा चुरा. (मोठ्या मांजरांना बहुधा दूध नीट पचत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आजीला आणि मांजरीला कधीच कळलं नाही.) बशी चाटूनपुसून झाली की ती शेजारच्या खालांकडे. तिथे आदल्या रात्रीचं काहीतरी मिळायचं आणि ते दुधाहून बरं असावं, कारण आमच्याकडे ती चालत यायची आणि तिकडे पळत जायची. दुपारी कुठे असायची ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं.

तिला नाव होतं, मनी. तिच्या आधीचीही मनीच होती आणि नंतर येणारीही मनीच असणार होती. तलाठी, पोस्टमन म्हणतात तसं ते हुद्द्याचं नाव. एक गेली की काही दिवसांनी दुसरी कुणीतरी भिंतीवरून उतरते आणि चार्ज घेते. सहावीत असताना मी एका मनीच्या गळ्यात रिबन बांधायला गेले, तर आजी चुलीजवळूनच ओरडली, "कायले बांधू राह्यली वं तिले? ते काय आपली हाय? आपल्या इथं येते फक्त."

आज मला त्या "येते फक्त"ची बाजू घ्यायची आहे. घ्यावी लागते आहे, कारण दोन बाजूंनी माणसं ते संपवायला निघाली आहेत. एका बाजूला विषाची पुडी आहे, दुसऱ्या बाजूला पिंजरा. पुडीवाल्यांना मांजर म्हणजे घाण, केस, रात्रीचं रडणं, गाडीच्या सीटवरचे ओरखडे. पिंजरावाल्यांना मांजर म्हणजे बाळ. इन्स्टावर हे दोघं एकमेकांना शिव्या घालत असतात, म्हणून ते विरुद्ध पक्षाचे आहेत असं वाटतं. पण नीट ऐका. दोघांचं म्हणणं एकच आहे: प्राण्याला मालक असला पाहिजे. मालक नसेल तर एक म्हणतो हटवा, दुसरा म्हणतो दत्तक घ्या. मालकाशिवाय, पण माणसांच्या सोबतीने एखादा जीव नीट जगू शकतो, हे दोघांच्याही डोक्यात बसत नाही. बाळापूरच्या मांजरांना मात्र ते पिढ्यानपिढ्या जमलं आहे.

बाळापूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: अकोल्याहून पंचविसेक किलोमीटर, हायवेला लागून, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर. दोन नद्यांच्या बेचक्यात किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला आणि १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाबाने पुरा केला. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवी, जिच्यावरून गावाचं नाव पडलं म्हणतात. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री. एकेकाळी इथल्या सतरंज्यांना आणि हातकागदाला नाव होतं. सूत, कागद, धान्य. या तीन गोष्टी एका गावात असल्या की उंदीर किती असतील याचा हिशेब तुम्हीच करा, आणि उंदीर असले की मांजर कुणी आणावं लागत नाही.

जगभर असंच झालं आहे. कुत्रा, गाय, घोडा यांना माणसाने निवडलं, जोडी लावली, हवं तसं घडवलं. मांजराचं उलटं. पश्चिम आशियात लोक धान्य साठवू लागले, धान्यावर उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरं आली आणि त्यातली ज्यांना माणसाचा वास सहन झाला ती थांबली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, त्यात माणसापासून हातभर अंतरावर मांजर पुरलेलं होतं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलं होतं. तरीही आजचं घरमांजर आपल्या रानातल्या पूर्वजांपासून फार दूर गेलेलं नाही. दार उघडं राहिलं तर त्यातली कितीतरी मांजरं आठवड्याभरात स्वतःचं पोट भरू लागतात. याला तुम्ही पाळीव म्हणा, मी शेजारी म्हणते.

आपल्या म्हणीही हेच सांगतात. शिंकं तुटलं तर फावतं कुणाचं, बोक्याचं. डोळे मिटून दूध कोण पितं, मांजर. उंदराला साक्ष कोणाची, मांजराची. गळ्यात घंटा बांधायची कुणाच्या, आणि बांधणार कोण? यात कुठेही मांजर आज्ञाधारक नाही, इमानी तर मुळीच नाही. चोर आहे, धूर्त आहे आणि घरातलंच आहे. मराठी माणसाने मांजराकडून कधी इमानाची अपेक्षा केली नव्हती. ही अपेक्षा नवी आहे, आणि ती पुरी होत नाही म्हणून चिडणारेही नवे आहेत.

आता पुडी.

आमच्या गल्लीत धाब्याची घरं होती तोवर मांजरांना जागेची ददात नव्हती. मातीचं छप्पर, कोठा, कुटाराचा ढीग, पडक्या भिंतीतले कोनाडे. मांजरी व्यायली कुठे, हे पिल्लं चालायला लागली की कळायचं. मग एकेक घर पडलं आणि स्लॅब चढला. स्लायडिंगच्या खिडक्या, त्यांना जाळी, जिन्याला ग्रिल. ढोरं गेली, कोठे गेले. उंदीर मात्र गेले नाहीत. घुशींना तर काँक्रीटची नाली मातीच्या बिळाहून जास्त मानवली. मांजरांची घरं गेली, उंदरांना नवी मिळाली, आणि मग गावात प्रत्येक किराणा दुकानात, कृषी केंद्रात रांगेने पुड्या आणि वड्या आल्या.

यातल्या वड्यांमध्ये बऱ्याचदा ब्रोमाडिओलोन असतं. ते कसं काम करतं हे वापरणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही, त्याला काही दिवस लागतात. हीच त्या औषधाची खुबी: बाकीच्या उंदरांना संशय येत नाही. त्या दिवसांत उंदीर सुस्त होतो, भर उजेडात रांगत बाहेर येतो. म्हणजे मांजरासाठी ती फुकटची शिकार. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं, तिथून ते मांजरात जातं. एका उंदराने कदाचित काही होणार नाही. पण गल्लीत चार घरांनी एकदम वड्या टाकल्या, तर मांजर एकच उंदीर खाऊन थांबतं का?

दोन पावसाळ्यांपूर्वी मी घरी होते. मनी टाकीच्या कडेला बसली होती, उठत नव्हती. मला वाटलं, पावसाने गारठली. जवळ गेले तर हिरड्यांतून रक्त. तिला हात लावायची माझी पहिलीच वेळ, कारण या मांजरांना तसा कुणी हात लावत नाही. तिने लावू दिला, त्यावरूनच समजायला हवं होतं. या विषावर व्हिटॅमिन के-वन हा उतारा आहे, वेळेत दिला तर मांजर वाचू शकतं. हे मी त्या रात्री मोबाइलवर वाचलं. सकाळी ती कोठ्यात नव्हती, मोरीशीही नव्हती. मागच्या नालीत सापडली. त्या आठवड्यात खालांच्या अंगणात दोन पिल्लं गेली आणि पलीकडच्या गल्लीतला लंगडा बोका दिसेनासा झाला. वड्या कुणी टाकल्या हे गल्लीला माहीत होतं. टाकणाऱ्यालाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, "मांजरासाठी नव्हत्या टाकल्या ना बाप्पा."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. मांजरासाठी कुणीच टाकत नाही. मांजर हिशेबातच नसतं.

आणि हिशेबच करायचा तर पुरा करा. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, मांजरी नऊ आठवड्यांत. विष घालून दोन्ही मारले तर आधी कोण परत येणार? दिवाळीला त्याच दुकानात उंदीर होते आणि तोच माणूस नवी वडी ठेवत होता. पोती जमिनीवरून उचलून पाटावर ठेवणं, भिंतीची भोकं बुजवणं, नाली झाकणं, साधा तारेचा पिंजरा लावणं हे सगळं त्याला सांगून झालं. त्याला वेळ नाही. वडी टाकायला वेळ लागत नाही.

इथे मी एक कबुली देते, नाहीतर माझ्याच बाजूचे लोक तिचा गैरफायदा घेतील. "मांजरं ठेवा, उंदीर संपतील" असं मी म्हणत नाही. न्यू यॉर्कमधल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी मांजरं आणि उंदीर यांच्यावर कॅमेरे लावून नजर ठेवली. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मांजरांनी मोठे उंदीर जवळपास मारलेच नाहीत, फक्त मांजर दिसलं की उंदीर लपून बसायचे. आमच्याकडेही पूर्ण वाढलेली घूस समोरून आली तर मनी वाट बदलायची, मी पाहिलं आहे. चिचुंद्री, लहान उंदीर, पाली, टोळ, एवढाच तिचा पराक्रम. तेव्हा मांजराची बाजू उपयोगावर लढवू नका, ती हरते. आणि शेजाऱ्याकडून काय उपयोग होतो यावर आपण शेजाऱ्याचं जगणं ठरवतो का? तसं असतं तर आमची निम्मी गल्ली रिकामी झाली असती.

विष घालणाऱ्यांहून जुना एक वर्ग आहे, पोतंवाल्यांचा. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही समजूत तुमच्याही घरी असेल. तिने पुष्कळ मांजरं वाचवली असतील. पण तिनेच पोतंही शोधून काढलं. मारायचं नाही ना? मग पिल्लं पोत्यात भरा, गाडीला बांधा आणि नदीच्या पुलापलीकडे, हायवेच्या ढाब्यामागे नाहीतर अकोल्याच्या मच्छी बाजारात सोडून या. "तिथं उपाशी नाही मरणार" असं स्वतःला सांगता येतं. मोठी मांजरी कधीकधी चार दिवसांनी वाट काढत परत येते, तेव्हा लोक कौतुकाने सांगतात. महिनाभराची पिल्लं परत येत नाहीत, त्यांचं कुणी सांगत नाही. सोनं वाचलं, पापही लागलं नाही. असा सोयीचा धर्म मी दुसरा पाहिला नाही.

कायदा काय म्हणतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला भुकेला-तहानेला मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजही. बसस्टँडवर दोन कचोऱ्या आणि चहा याहून जास्त होतो. विष घालण्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३२५ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ऐकायला बरं वाटतं. पण ते कलम कोणत्या प्रकरणात बसवलं आहे ते बघा: मालमत्तेविरुद्धचे अपराध. त्यातही "आगळीक", म्हणजे कुणाचं तरी नुकसान करणं. मनी मेली तर नुकसान कुणाचं झालं? मालक कोण? परत तोच प्रश्न. जी कुणाचीच नाही तिच्यासाठी पोलीस ठाण्यात जाऊन काय लिहून द्यायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

शहरातले मित्र म्हणतात, गावाकडे प्राण्यांची कुणाला पडलीय. त्यांना मी वाकडीची आठवण करून देते. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या पडक्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले, त्यातले पाच गेले. दुसऱ्या दिवशी कमेंटमध्ये "एका मांजरासाठी?" म्हणून हसणारे होते. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. अशा विहिरीत विषारी वायू साठतो, दोर आणि मदत असल्याशिवाय कुणी कधीही उतरू नये, हे आधी सांगते. पण पाडव्याच्या संध्याकाळी एका शेतकरी घराला विहिरीतलं मांजर "आपलं" वाटलं होतं. ते कागदावर कुणाचं होतं, याची तिथे कुणी चौकशी केली नव्हती.

आता पिंजरावाले. यांच्याशी भांडायला जड जातं, कारण ही प्रेमळ माणसं आहेत आणि यातली बरीच तुमच्या-माझ्या वयाची आहेत.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात, हडपसरच्या एका सोसायटीत, साडेतीन बीएचकेच्या फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं असल्याचं उघड झालं. वास आणि आवाज यांनी शेजारी हैराण झाले होते, शेवटी प्रशासनाने मांजरं हलवायची नोटीस दिली. बातमीवर दोन तट पडले: किती क्रूर सोसायटी, किती वेडी माणसं. माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. एका मांजराला फिरायला दोन-चार गल्ल्या लागतात. तीनशे मांजरं एका फ्लॅटमध्ये ठेवायची म्हणजे त्यांना कशापासून वाचवायचं? प्रत्येकीला रस्त्यावरून उचलताना भावना चांगलीच असणार. पण रस्ता म्हणजे मरण आणि खोली म्हणजे जीवन, हे गणित आधीच पक्कं असलं की तीनशेवा आकडाही दयेचाच वाटतो.

लहान प्रमाणात हेच सगळीकडे चाललं आहे. अकोल्यात आता पर्शियन मांजरं मिळतात, इन्स्टावर फोटो बघून बुकिंग होतं. दाट दुहेरी केस आणि चपटं नाक असलेला प्राणी, जिथे मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या वर गेला आणि उष्णतेसाठी जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं त्या जिल्ह्यात! लाइट गेली की त्याला ओल्या पंचात गुंडाळून बसतात. आणि त्याच घराच्या कंपाउंडवर बसलेल्या गावठी मांजरीला "शूक शूक" करून हाकलतात, कारण हिच्यामुळे त्याला इन्फेक्शन होईल. त्याला लस द्या, तिला कशाला हाकलता?

पिंजऱ्याचं तर्कशास्त्र कोर्टापर्यंतही गेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांबाबत म्हटलं की ज्यांना खायला घालायचं आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घ्यावीत, घरी न्यावीत. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खायला घालणाऱ्यांवर अशी सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. कुत्रा चावतो, झुंडीने अंगावर येतो, रेबीजने माणसं मरतात, मी तो इथे सोडवायला बसलेली नाही. पण "खायला घातलंस म्हणजे तुझं झालं" हे सूत्र मांजराला लावून बघा. आजीने पन्नासेक वर्षांत किती मन्यांना बशी दिली असेल? तिला दत्तकपत्रांची फाइल ठेवावी लागली असती. आणि खालांनी त्याच मांजरींवर दावा लावला असता.

खालांचं नाव निघालं म्हणून सांगते. एकदा पावसात मी एक पिल्लू आणून पेटीखाली कोंडलं होतं. खालांनी ते सोडवलं आणि मला जवळ बसवलं. "बंद करके मत रख बेटा, गुनाह लगता." मग त्यांनी हदीसमधली गोष्ट सांगितली: एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, स्वतः खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन किडामुंगी खायलाही सोडलं नाही, म्हणून तिला शिक्षा झाली. मी ही गोष्ट तेव्हा फक्त घाबरून ऐकली. आता वाटतं, माझं अर्धं म्हणणं तिच्यात आलं आहे. द्या नाहीतर सोडा. देत असाल तरी सोडा. दुसऱ्या एका हदीसमध्ये मांजर अपवित्र नाही असं म्हटलं आहे, कारण ते तुमच्या अवतीभवती फिरणाऱ्यांपैकी आहे. अवतीभवती फिरणारं. "भटकं" या शब्दाला मला याहून नेमका पर्याय सापडलेला नाही, आणि तो आजीच्या "येते फक्त"च्या किती जवळ आहे बघा. भिंत एकच होती, त्यामुळे असेल.

एवढं झाल्यावर पक्षीवाले येतील आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेत मांजरं वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ऑस्ट्रेलियाने तर २०१५ मध्ये वीस लाख रानटी झालेली मांजरं मारायचं लक्ष्य ठेवलं. ऑस्ट्रेलियात मांजर हा प्राणीच नव्हता, गोऱ्यांच्या जहाजातून गेला, तिथल्या जिवांना त्याची सवय नव्हती. आपल्याकडे तसं नाही. आपल्या वावरांत रानमांजर पहिल्यापासून आहे, आणि महाराष्ट्रात वाघाटी आहे, दीड किलोच्या आतबाहेरची, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पण म्हणून आपली मांजरं निर्दोष ठरत नाहीत. रानाच्या कडेला घरमांजरं वाढली की रानमांजरांशी संकर होतो, रोग जातात. म्हणून मनीची जागा गल्लीत. ती जंगलात नेऊन सोडणं हे पोतंच आहे, फक्त मोठं. याची दुसरी बाजूही आहे: तुरीच्या वावरात कापणीला पिल्लं सापडली की लोक "मांजराची पिल्लं" म्हणून घरी आणतात. ती बहुतेकदा रानमांजराची असतात, आई जवळपासच असते. तिथेच राहू द्या, रात्री ती घेऊन जाते.

आणि संख्या. हा माझ्या म्हणण्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि वर्षाला दोन-तीनदा विते. पूर्वी यातली बहुतेक पिल्लं बोक्याने, कुत्र्याने, रोगाने जायची आणि आपण त्याला निसर्ग म्हणायचो. आता उरलेल्यांसाठी पोतं आहे. मला नसबंदी हवी आहे. आणि हे म्हणताना मला ओशाळायला होतं, कारण जी आपली नाही म्हणून इतका वेळ भांडले, तिच्या पोटाला सुरी लावायचा हक्क मला कुठून आला? याला माझ्याकडे साफ उत्तर नाही. पोतं आणि सुरी यात मी सुरी निवडते, एवढंच.

ती निवडायला मिळत मात्र नाही. २००१ मध्ये केंद्राने भटक्या प्राण्यांच्या नसबंदीचे नियम केले ते नावानिशी कुत्र्यांचे होते. मुंबई महापालिकेने मांजरांसाठी काम सुरू केलं ते २०१९ मध्ये. तालुक्याच्या गावी गायी-म्हशी-बकऱ्यांचा दवाखाना असतो. तिथे मांजर घेऊन गेलं की आधी हसतात आणि मग खरंच हतबल होऊन सांगतात की भूल द्यायची सोय नाही. पण अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तासाभराच्या अंतरावर. वर्षातून दोन शिबिरं, दहा सापळे, हात बसवायला विद्यार्थी. पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, ओळख म्हणून डाव्या कानाचं टोक कापायचं, आणि जिथून उचललं त्याच गल्लीत परत सोडायचं. त्याच गल्लीत. नगरपरिषदेने गाडी आणि डिझेल द्यावं. ही मागणी मी इथे लिहिते आहे, अर्जही दिला आहे. वडीविक्रीवर काही बंधन घाला म्हणून वेगळा अर्ज दिला आहे. दोन्हींवर शिक्के बसले आहेत.

तुमच्याकडे मागायचं ते फार थोडं आहे. उन्हाळ्यात कंपाउंडवर पसरट भांड्यात पाणी, सावलीत. उरलेलं द्यायचं तर ठरलेल्या जागी, थोडं, आणि नंतर जागा धुऊन. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराने घाण केलेली माती तिने हाताळू नये, आणि ओरखडा आला, चावलं तर साबणाने धुऊन दवाखान्यात जावं. त्यासाठी मांजर हाकलायची गरज नसते. वडी टाकू नका. पोतं भरणारा दिसला तर त्याला थांबवून निदान गप्पा मारा, वेळ जाऊ द्या. आणि फोटो काढा, खुशाल काढा, पण उचलून आणू नका.

आजी गेली त्याला चार वर्षं झाली. तिच्या जागी आई बशी भरायची. त्या पावसाळ्यानंतर ती उचलून ठेवली आहे, फळीवर. आमच्या गल्लीची जागा दोन वर्षं रिकामी आहे. मार्चमध्ये मी घरी होते तेव्हा पडक्या वाड्याच्या भिंतीवर एक तरणी मांजरी दिसली, राखाडी, शेपटीचं टोक मोडलेलं. दोन दिवस तिथूनच बघत होती, खाली उतरली नाही. आईने काही न बोलता टाकीजवळ पाण्याचं भांडं ठेवलं. सकाळी पाणी बोटभर कमी असतं. आई म्हणते, कावळा असेल.